लीलाबाईंच्या नऊ पोरी

देवपूजा आटोपली की मी रोज वहीत चार ओळी लिहिते. बहुतेक दिवस चार ओळी जास्तच होतात. काय लिहिणार, दूध नासलं, पाहुणे आले, एकादशी सोडली. पण लीलाबाईंविषयी लिहायला बसले की पान उलटावं लागतं, तरी सांगायचं ते मागेच राहतं. म्हणून हे सगळं एकदा सलग लिहून काढते.

लीलाबाई सुरतेत, गोडादऱ्यात, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांची गल्ली आणि आमची सोसायटी यांच्या मधे एक मोकळा प्लॉट आहे, सगळे त्याला मैदान म्हणतात. माझ्या गॅलरीतून ते पुरतं दिसतं. लीलाबाई अमळनेरकडच्या. मालक रामदास लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला, आणि त्या घरी साड्यांवर स्टोन चिकटवतात. ठेकेदार गठ्ठा टाकून जातो, घरातल्या बायका-मुली एकेक खडा गोंदानं लावत बसतात. त्या गल्लीत हे काम नसलेलं घर शोधावं लागेल. बाई बुटक्या, चालणं तुरुतुरु, आणि डोक्यावर गठ्ठा असला तरी मान वळवून बोलणार.

मी त्यांना नीट पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, दिवाळी सरल्यावर. मैदानात मुलांचं क्रिकेट चाललं होतं. त्यांची अश्विनी, तेव्हा सातवीत असेल, धाकट्या भावाला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती. चेंडू तिकडे गेला की मुलं ओरडायची, "अश्विनी, बॉल." ती आणून द्यायची. हे रोजचंच होतं, मीही रोज पाहत होते आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवशी लीलाबाई तिला कामाला बोलवायला आल्या. तेवढ्यात चेंडू गटारापर्यंत गेला. अश्विनीनं पोर कडेवरून न उतरवता तो उचलला आणि तिथूनच फेकला. थेट स्टंपांवर बसला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुंदन त्यांचा म्होरक्या. रात्रपाळीला लूमवर जातो आणि संध्याकाळी मैदानावर राज्य करतो. तो म्हणाला, "शाबास. इथंच उभी राहत जा, आमचा एक माणूस वाचला."

"मग घे की तिला खेळात," लीलाबाई म्हणाल्या.

"मासी, खेळतेच आहे ना. फिल्डिंग."

"बॅट कधी देतोस?"

मुलं हसली. कुंदन म्हणाला, "आणि कडेवरचं पोट्टं कोण धरेल, अंपायर?"

"मी धरते," म्हणत बाईंनी पोर घेतलंसुद्धा.

आता कुंदनची पंचाईत झाली. तो डोकं खाजवत म्हणाला, "मासी, तुम्ही पण ना. पोरींना खेळायचं तर गरबा आहे की. नऊ दिवस अख्खं मैदान त्यांचंच असतं, आम्ही काही बोलतो का?"

"आणि उरलेलं वरीस?"

त्यानं पाठ फिरवून दुसरा चेंडू टाकायला सांगितला. लीलाबाईंनी अश्विनीचा हात धरला आणि जाता जाता तिला, म्हणजे खरं तर सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मन्ही पोर चेंडू आनाले नही." माझी मुलगी चेंडू आणून देण्यासाठी नाही. एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी नाही. मला मात्र गॅलरीत शब्द न् शब्द ऐकू आला.

खो-खो का निवडला, ते त्यांनी मला पुढे सांगितलं. "ताई, त्याले बॅट नको, चेंडू नको. दोन खांब आन पाय. पाय तर देवानं पोरींनाबी दिलेत." स्वतः त्या जन्मात कधी खेळल्या नव्हत्या. अश्विनीच्या मोबाईलवर खो-खोचे सामने लावायच्या, एकीकडे स्टोन लावायच्या, मधेच म्हणायच्या, "थांबव. ती पोर मागं का नाही वळली?" पाठलाग करणारीनं मागं वळायचं नसतं हे त्यांना असं साडीवर खडा ठेवता ठेवता कळलं. खांब म्हणून गरब्याच्या मंडपाचे उरलेले दोन बांबू मिळाले.

खांब मिळाले, पण मुली कुठून आणणार? बाई घरोघर गेल्या. सगळीकडे एकच बोलणं. धाकटी भावंडं कोण सांभाळेल, साड्या कोण पुऱ्या करेल, आणि लोक काय म्हणतील. लीलाबाई म्हणाल्या, लोकांचं नंतर बघू, आधीची दोन सांगा. मग त्यांनी जे केलं ते कुणाच्या डोक्यात आलं नसतं. भावंडं आणि साड्या दोन्ही त्यांनी मैदानावरच आणल्या. करंजाच्या झाडाखाली प्लॅस्टिकचा मोठा कागद अंथरला, वर साड्या, भोवती मुली आणि त्यांच्या आया, मधे रांगणारी पोरं. आणि नियम एकच. साड्या कुणाच्याही असोत, सगळ्यांनी मिळून लावायच्या. एकीची राहिली असेल तर कुणी उठायचं नाही. शेवटचा खडा बसला की सगळ्या एकदम उठणार. गोंद वाळायला आणि पोरींना खेळायला वेळ सारखाच लागतो, असं त्या हसून म्हणायच्या.

मी एकदा सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला गेले तर मला म्हणाल्या, "विजयाताई, आल्याच आहात तर हा काठ धरा." मी धरला. तेव्हापासून माझी संध्याकाळची जपमाळ तिथंच होते, एका हातात माळ आणि एका हातात काठ.

खेळातही त्यांचा नियम तोच. रोज येईल तिला खेळायला मिळेल. प्रियांका नावाची एक मुलगी आहे, लीलाबाईंच्या थोरल्या जावेची नात. अंगानं जड, डोळ्यांना जाड चष्मा. तिला खो मिळाला की उठेपर्यंत समोरची दूर गेलेली असायची. कुंदन एकदा सीमारेषेवरून ओरडला, "मासी, ही प्लेयर आहे का खांब?"

"खांबाशिवाय खो-खो होतो का रे बाबा?" लीलाबाई म्हणाल्या.

प्रियांकासकट सगळ्या हसल्या. पण बाईंनी तिला एक दिवससुद्धा बाहेर बसवलं नाही. त्यांनी तिला खांबाजवळची जागा दिली आणि सांगितलं, तू धावू नको, वाट पाहा, खांबाशी कुणी वळायला आली की हात टाक.

मुलांनी त्यांना मैदानाचा एक कोपरा सोडला होता, पाण्याच्या टाकीमागचा. तिथं पाटी, म्हणजे मुली ओळीनं बसतात ती दोन खांबांमधली पट्टी, पुरत नव्हती, आठ मुली बसल्या की शेवटचीचे गुडघे भिंतीला टेकायचे. त्यातही चेंडू आला की थांबायचं, चौकार गेला की थांबायचं. असं वर्ष गेलं. मग लीलाबाईंनी ठरवलं की भाईदासभाईंकडे जायचं.

भाईदासभाई प्लॉटच्या मंडळाचे प्रमुख. फरसाणचं दुकान, माणूस सुरती, जिभेवर गोड. आम्ही चार-पाच बाया गेलो तर आधी लोचो खायला लावला. मग म्हणाले, "लीलाबेन, मेदान तो बधानुं छे."

"सगळ्यांचं आहे ना? मग आमचं कधी, तेवढं सांगा."

कुंदन तिथं उभाच होता. म्हणाला, "काका, हे दोन महिन्यांचं नाटक आहे. आज खेळतील, उद्या एकीचं लग्न, परवा दुसरीचं."

भाईदासभाईंनी दोघांकडे पाहिलं आणि तोडगा काढला. मंडळ दर वर्षी पावसाळ्यात बाहेरचा एक संघ बोलावतं. यंदा कतारगामच्या मुलींचा खो-खोचा संघ बोलवायचा. तो खराखुरा संघ होता, बूट आणि शिकवणाऱ्या बाईंसकट. गोडादऱ्याच्या पोरी त्या दिवशी नऊच्या नऊ मैदानात उतरल्या आणि सामना शेवटपर्यंत खेळल्या, तर रोज संध्याकाळी पाचला एक तास पूर्ण मैदान त्यांचं. हरल्या तरी चालेल. पण नऊ उभ्या राहिल्या नाहीत तर वर्षभर हा विषय काढायचा नाही.

"नऊ?" कुंदन म्हणाला. "नऊ जमल्या तर चुन्याच्या रेषा मी स्वतः मारून देईन."

लीलाबाईंनी एकच अट घातली. श्रावणात त्यांच्या कानबाई देवीचा सण असतो, नागपंचमीनंतरचा रविवार आणि सोमवार. तेवढे दोन दिवस सोडून कुठलाही दिवस धरा. भाईदासभाई म्हणाले, "नागपांचम पछीनो रविवार? ए तो हजी घणो दूर छे, बेन. चिंता नहीं." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि अजून खूप लांब आहे म्हणून मान डोलावली. आम्ही हात जोडून घरी आलो.

पंधरा दिवसांनी मैदानाच्या फाटकावर बॅनर लागला. लीलाबाई गठ्ठा घेऊन चालल्या होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या. मी गेले तर म्हणाल्या, "ताई, वाचा बरं. मी चुकीचं वाचते का?" सोमवार सकाळ लिहिलं होतं, कारण आमच्या भागातल्या बऱ्याच खात्यांना सोमवारी सुट्टी असते, माणसं बघायला येतील. मुलींची शाळाही दुपारची. सगळं सोयीचं. पण तो सोमवार कानबाईचाच होता.

आम्ही धावत दुकानात गेलो. भाईदासभाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "जुओ ने, नागपांचम तो वदमां छे." आणि खरंच, त्यांच्या कॅलेंडरात नागपंचमी श्रावण वद्यात होती, जन्माष्टमीच्या आधीच्या दिवसांत. आपली शुद्धात, पंधरा दिवस आधी. इतकी वर्षं सुरतेत राहून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी दुकानात बसून लोचो खाताना ते सुचलं नाही, ना मला, ना लीलाबाईंना. चूक कुणाची म्हणायची? दोघांनीही आपापल्या नागोबाला स्मरून शब्द दिला होता.

दिवस बदलता येईना. कतारगामच्या मुलींची गाडी ठरली होती, पंच ठरले होते, पुढे त्यांच्या परीक्षा. कुंदन या वेळी हसला नाही. तो म्हणाला, "मासी, देवाचं काम आहे. सोडून द्या. पुढच्या वर्षी बघू." त्यानं ते चांगल्या मनानं म्हटलं, तेच जास्त लागलं. टोमण्याला बाईंकडे उत्तर असायचं.

आमच्याकडे वऱ्हाडात कानबाई नाही, म्हणून वाचणाऱ्यांसाठी सांगते. खानदेशातल्या लोकांची ही आई. नारळाला डोळे, नथ, दागिने चढवून तिला पाटावर बसवतात. रविवारी रोट होतात, म्हणजे मोजून घेतलेल्या गव्हाचा नैवेद्य, पुरणपोळीचा स्वयंपाक, आणि सगळी भाऊबंदकी एकत्र जेवते. तो रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला देत नाहीत, मला पण कधी मिळाला नाही आणि मी मागितला नाही. सोमवारी सकाळी आईला वाजतगाजत तापीवर निरोप. घरातल्या बायका तिला डोक्यावर घेतात, वाटेत फुगड्या होतात. त्या दोन दिवसांत कुणी मुलगी खेळायला जाते म्हटलं तर ऐकणाऱ्यानं कानावर हात ठेवावेत. आणि लीलाबाईंच्या संघातल्या सात मुली खानदेशी घरातल्या, त्यातल्या पाच तर त्यांच्याच भाऊबंदकीतल्या.

गुरुवारी मी लीलाबाईंबरोबर त्यांच्या जावेकडे गेले तेव्हा रोटाचे गहू काढणं चाललं होतं. शांताबाई, थोरली जाऊ, म्हणजे प्रियांकाची आजी, सुपाशी बसल्या होत्या. त्यांच्या घरी कानबाई बसते, त्यामुळे या दिवसांत त्यांचा शब्द शेवटचा. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं त्या सव्वा मूठ गहू घालत होत्या. मोठ्याचं नाव, धाकट्याचं नाव, पाळण्यातल्याचंही नाव. अश्विनी सूप धरून होती. तिनं विचारलं, "मोठीमाय, आमचं नाव कधी?"

"पोरी परक्या घरन्या शेत," शांताबाई म्हणाल्या. मुली परक्या घरच्या, हे त्यांनी रागानं नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं सांगितलं.

लीलाबाईंनी सुपातला एक खडा वेचला, सोमवारचं बोलायलाच त्या आल्या होत्या. मग म्हणाल्या, "मोठीबाई, सोमवारनं सांगाले उनू."

"माले माहीत शे. पोरी तठे धावतीन, आन आठे मायले कोन वाट लाई? नही." पोरी तिकडे धावल्या तर इथं आईला निरोप कोण देणार?

"नऊ पोरी लागतस. आठ चालत नही."

"मंग नऊ नही." शांताबाईंनी मूठ सुपात सोडली. "आम्ही पोरीच होतो ना? आम्हले कोनी मैदान दिधं? मरनूत का?"

प्रियांका आतल्या दाराशी उभी होती, चष्मा पुसत. लीलाबाईंनी वाद घातला नाही. उठता उठता एवढंच म्हणाल्या की मिरवणूक दर वर्षी गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळून मोठ्या रस्त्याला टेम्पोपर्यंत जाते, यंदा उजवीकडून मैदानावरून नेली तर? पोरी आईबरोबरच राहतील.

"आजलगून मायनी वाट कोनी बदली नही," शांताबाई म्हणाल्या आणि पुढचं नाव घेतलं.

बाहेर आल्यावर मी लीलाबाईंना म्हटलं, मी देवीला नवस बोलू का? त्या म्हणाल्या, "काय मागणार, ताई? दिवस तिचा आहे आन पोरीबी तिच्याच आहेत. तिले दोन्ही ठाऊक. तिनंच बघावं." मी पन्नास वर्षं पूजा करते आहे. इतकी मोकळी शरणागती माझ्या तोंडून कधी निघाली नाही. नेहमी मागे एखादी यादी असतेच.

सोमवारी सकाळी मी ओटी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. रात्री पाऊस होऊन गेला होता, जागोजाग डबकी. आधी वाजंत्री आली, मग फुगड्या घालणाऱ्या बायका, मग संघातल्या मुली, भाऊबंदकीबाहेरच्या चौघीही त्यांच्यातच. मुली आज अगदी शहाण्यासारख्या परकर-पोलक्यात, केसांत गजरे. मला वाटलं, संपलं. पोरींनीही मानून घेतलं. मागून शांताबाई, डोक्यावर पाट, पाटावर आई, दोन्ही बाजूंनी जावा पदर धरून. शांताबाईंचे मालक रघुनाथराव पुढे वाट करत होते.

गल्लीच्या तोंडाशी मोठं डबकं होतं. पुढच्या मुलींनी परकर वर उचलले. आणि परकराखाली प्रत्येकीनं ट्रॅक पँट घातली होती. एकीनं, दुसरीनं, सगळ्यांनी. प्रियांकानंसुद्धा. ते शांताबाईंच्या अगदी डोळ्यांसमोर झालं. त्यांनी पाहिलं हे मुलींनी ओळखलं, परकर सोडले, ते पाण्यात भिजले. लीलाबाई एकदम खाली बघायला लागल्या. नंतर कळलं की त्यांनाही हे माहीत नव्हतं, पोरींनी आपसांत ठरवलं होतं. जायला मिळेल अशी आशा कुणालाच नव्हती. तरी घातल्या होत्या.

रघुनाथराव डावीकडे हात दाखवत होते, "चाला, चाला, टेम्पो उभा शे." तेवढ्यात मैदानाकडून पंचांची शिट्टी ऐकू आली, संघांना बोलावणारी. शांताबाई वळणावर उभ्या राहिल्या. डोळे मिटलेले. मानेची शीर ताणलेली, पाट जरा हलला, जावांनी हात पुढे केले. वाजंत्री वाजतच होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

मग त्या उजवीकडे वळल्या.

"व्हय, तिकडे कोठे?" रघुनाथराव ओरडले. पण आई डोक्यावर असलेल्या बाईला कुणी अडवत नाही, तिच्या आडवं जात नाही. ही रीत त्यांनाच जास्त ठाऊक. ते हात वर करून राहिले. वाजंत्रीवाले आईमागे वळले, त्यांच्यामागे बायका, त्यांच्यामागे सगळी भाऊबंदकी. मीही चालू लागले. माझ्या पायात चप्पल नव्हती, कधी काढली मला आठवत नाही.

मैदानाच्या फाटकातून आत गेल्यावर करंजाच्या झाडाखाली शांताबाई थांबल्या. "उतारा," म्हणाल्या. "माय थकनी. बसू द्या तिले."

पाट खाली ठेवला. आई बसली की तिला उचलल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. दोनशे माणूस जागच्या जागी बसलं. शांताबाई पाटाशेजारी टेकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मुलींकडे न बघता म्हणाल्या, "वल्ला परकर घालीसन काय उभ्या राह्यन्यात? सर्दी व्हई."

ओले परकर झाडाखाली एकावर एक पडले. नऊ मुली मैदानात गेल्या.

भाईदासभाईंनी चपला काढून आईला नमस्कार केला. कतारगामच्या मुली आणि त्यांच्या बाईही आल्या, एकेकीनं वाकून कुंकू लावून घेतलं. पंचांनी विचारलं, रेषा कुठे आहेत? नऊ जमणार नाहीत म्हणून कुणी मारल्याच नव्हत्या. सगळ्यांनी कुंदनकडे पाहिलं. तो रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. न बोलता चुन्याचा डबा घेऊन वाकला आणि मैदानाच्या मधोमध, जिथं त्याचा पिच होता त्यावरून, पाटी आखत गेला. "सरळ आख रे," लीलाबाई म्हणाल्या. "मासी, लूम चालवतो मी, धागा वाकडा जात नाही," तो म्हणाला. रेषा वाकडीच आली.

सामन्याचं मी काय सांगू, मला त्यातलं निम्मंच कळतं. आमच्या मुली अनवाणी, त्यांच्या पायांत बूट. ओल्या मातीत मात्र बूट घसरले आणि अनवाणी पाय टिकून राहिले. तरी पहिल्या डावात कतारगामच्या मुली पुढे गेल्या. अश्विनी अशी पळाली की तिला धरता धरता त्यांच्या दोघी पडल्या. एवढा वेळ कुणाकडे न पाहणारे रघुनाथराव हळूहळू उभे राहिले, मग पुढे सरकले, मग पाटीच्या अगदी जवळ. शेवटच्या डावात त्यांच्या नातीला खो मिळाला तेव्हा ते ओरडले, "ऊठ वं, ऊठ, काय देखी राह्यनी!" प्रियांका उठली, दोन पावलं गेली आणि खांबाशी थांबली. कतारगामची सगळ्यात चपळ मुलगी खांबाला वळसा घालायला आली आणि थेट तिच्या हातात सापडली. प्रियांकाचा चष्मा उडाला. तिनं तो शोधलाही नाही, हात तसाच त्या मुलीच्या पाठीवर ठेवून उभी राहिली, जणू उचलला तर गडी पुन्हा जिवंत होईल.

आमच्या मुली दोन गुणांनी हरल्या. कतारगामच्या बाईंनी येऊन लीलाबाईंना विचारलं, तुम्ही कुठे शिकलात? लीलाबाई म्हणाल्या, "साडीवर." त्या बाईंना काही कळलं नसावं.

भाईदासभाई उठले. पोरी नऊच्या नऊ शेवटपर्यंत खेळल्या होत्या, त्यांनी शब्द पाळला. म्हणाले, "नव हती. पूरेपूरी रमी. काले पांच वागे मेदान तमारुं, लीलाबेन." आणि कुंदनकडे वळून, "बोल भाई?" कुंदन चुन्याचे हात झटकत म्हणाला, "काका, रेषा मी मारल्या, आता मीच पुसू का?"

आईला पुन्हा डोक्यावर घेताना मी शांताबाईंच्या कपाळी कुंकू लावलं आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "तुम्ही कशा वळलात?"

त्या म्हणाल्या, "डोकावर माय व्हती. पाय मन्हा नव्हतात, तिना व्हतात."

मी पोथ्यांतून संचाराच्या गोष्टी खूप वाचल्या आहेत. पण हे वाक्य त्यांनी भाजीला मीठ घातलं असं सांगावं तसं सांगितलं आणि चालू लागल्या. लीलाबाई त्यांच्या उजव्या बाजूला पदर धरून होत्या. तापीवर आईला निरोप द्यायला त्या वर्षी दुपार झाली.

मंगळवारी पाच वाजता मी गॅलरीत उभी राहिले. मुलांनी स्टंप काढले आणि ती टाकीवर जाऊन बसली. मैदान रिकामं झालं. मुली आल्या, बांबू घेऊन आल्या, आणि सवयीनं टाकीमागच्या कोपऱ्यात गेल्या. तिथंच पाटीवर बसल्या, शेवटचीचे गुडघे भिंतीला. मागे एवढं मोठं मैदान पडलेलं, आणि कुणी मान वळवून पाहीना. टाकीवरून कुंदन म्हणाला, "अरे, मधे जा ना." त्या हलल्या नाहीत. मला वाटतं त्यांना भीती वाटत होती.

मग लीलाबाई आल्या. त्यांनी एकीच्या हातातला बांबू घेतला, तुरुतुरु चालत मैदानाच्या अगदी मध्यावर गेल्या आणि मातीत रोवला. दोन्ही हातांनी दाबला, हलवून पाहिला. वळल्या आणि म्हणाल्या, "या. हे आपलंच आहे." एक उठली, मग दुसरी. मोकळ्या जागेत कसं चालायचं ते न कळल्यासारख्या आधी हळूहळू आल्या. मग धावत आल्या.